तुम्ही विचारलंत म्हणून: पन्नास हजारांचा आयईएम पारखायचा कसा?

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो: "चाळीस-पन्नास हजारांचा आयईएम घ्यायचाय. आवाज खरंच चांगला आहे हे ओळखायचं कसं? आणि आपल्या हवेत तो टिकेल का?" आयईएम म्हणजे इन-इअर मॉनिटर, कानाच्या नळीत बसणारा इअरफोन. आपली हवा म्हणजे कोकण किनाऱ्याची, जुलैत कपाटातल्या चामडी पट्ट्यालाही बुरशी धरणारी. ऐकून बघायची सोय असलेलं दुकान जवळपास नसतं. मग दुसऱ्या कामासाठी मुंबईला गेलेला माणूस तासभर काढतो, चार जोड कानाला लावतो, ज्यात ढोल सगळ्यांत मोठा वाजला तो घेतो आणि रात्रीची गाडी पकडतो. पंधरा दिवसांनी तोच जोड कपाटात जातो, कारण कान दुखतो.

माझं उत्तर ऐकून बऱ्याच जणांची निराशा होते. आवाजाचं नंतर बघा, आधी तो कानात बसतोय का ते बघा. आयईएमचा आवाज हा यंत्राचा एकट्याचा नसतोच. कानाची नळी साधारण २५ मिलिमीटर लांब, वाकडी आणि प्रत्येकाची वेगळी. टिपने (आयईएमच्या टोकावरच्या मऊ टोपीने) ती पूर्ण बंद झाली तरच ठरवलेला आवाज पडद्यापर्यंत पोचतो. केसाएवढी फट राहिली तरी खालचे स्वर गळून जातात. मग लोक म्हणतात, "बास नाही, आवाज चिरका आहे." अहो, टिप एक नंबर मोठी लावा, तोच जोड ओळखू येणार नाही.

दुकानात बहुधा मधल्या मापाची टिप लावलेली असते. तिच्यावर निकाल देऊ नका. स्वतःच्या टिपांचा संच सोबत न्या, सिलिकॉनच्या निदान चार मापांचा. उजव्या कानात लावताना डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. आयईएम थोडा फिरवत आत सरकवा आणि मग कान सोडा. दोन कानांना दोन मापं लागली तर गोंधळू नका, तसं सर्रास होतं. आता मोबाइलवरच्या कुठल्याही टोन-जनरेटर ॲपवर आधी १०० हर्ट्झ आणि मग ३० हर्ट्झ वाजवा. ३० थोडा हळू वाटणं साहजिक आहे, पण तो गायबच झाला किंवा एकाच कानात ऐकू आला तर तिथे गळती आहे. हाच ३० हर्ट्झ चालू ठेवून जबडा पूर्ण उघडा, डावीउजवीकडे हलवा. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला अगदी लागून असतो, तो हलला की नळीचा आकार बदलतो. स्वर तुटला तर टिपचं माप किंवा जात बदला. डबलबारीतल्या (भजनाच्या सामन्यातल्या) बुवांनी ही परीक्षा नुसता जबडा हलवून नाही, वरच्या सप्तकात आलाप घेऊन करावी.

फोमच्या टिपा छान बसतात. बोटांत चुरून बारीक करायच्या, आत घालायच्या आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेवायच्या. पण त्या वरचे स्वर थोडे शोषतात आणि घामाच्या दिवसांत दोन-तीन महिन्यांत मऊपणा गमावतात. इथे बाराही महिने घाम. मी सिलिकॉनच सुचवतो.

आता दुखण्याचं. दहा मिनिटांत काहीही दुखत नाही, म्हणूनच दुकानात सगळे जोड आरामदायी वाटतात. दुखणं अर्ध्या-पाऊण तासानंतर सुरू होतं आणि ते कुठे होतं यावर निर्णय ठरतो. नळीच्या तोंडाशी गोल कडं आवळल्यासारखं वाटत असेल तर नॉझल (टिप जिच्यावर बसते ती नळी) जाड आहे किंवा टिप मोठी आहे. नॉझल साधारण ५ ते साडेसहा मिलिमीटरची असते आणि सहाच्या वर गेली की लहान कानांना जड जाते. यावर टिप बदलून इलाज होऊ शकतो. बाहेरच्या खळग्यात, कूर्चेवर एकाच बिंदूला टोचत असेल तर तिथे शेल, म्हणजे आयईएमचं बाहेरचं कवच, टेकतंय. त्याला इलाज नाही, आवाज कितीही गोड असो, तो जोड परत द्या. सोनीच्या आयईआर-झेड१आरची आवाजासाठी वाहवा होते, पण त्याचं शेल एवढं मोठं की अनेकांच्या कानात ते नीट बसतच नाही. तिसरी जागा कानामागची: केबलचा वाकवलेला भाग आणि चष्म्याची दांडी एकमेकांवर येतात. चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासकट तासभर बसावं.

आत सरकवताना पातळ कागद चुरगळल्यासारखा आवाज आला तर तो डायनॅमिक ड्रायव्हरचा (आतल्या छोट्या स्पीकरचा) पडदा हवेच्या दाबाने वाकल्याचा. एवढ्याने बिघाड होत नाही, पण हवा बाहेर जायला पुरेशी वाट नाही हे कळतं. अशा जोडात कानात दाब साचल्यासारखं वाटत राहतं आणि काहींना त्यानेच डोकं जड होतं. उलट, स्वतःचं बोलणं आणि चावणं घुमत असेल तर बंद नळीत तसं होणारच. टिप जरा खोल गेली की ते कमी होतं.

आणि एक घरगुती गोष्ट. डोक्याला खोबरेल तेल चोपडून आयईएम घालू नका. सिलिकॉनची टिप बुळबुळीत होऊन सरकते आणि कानामागची केबल तेलाने व घामाने काही महिन्यांत कडक होऊन हिरवी पडते. मग तीच कडक केबल टोचते.

एवढं जमलं की आवाजाकडे या. पण आधी कशाला जोडलंय ते बघा. सोप्या भाषेत नियम असा: वाजवणाऱ्या यंत्राचा आउटपुट इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) हा आयईएमच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी असावा. १० ओहमच्या जोडाला १.२५ ओहमच्या आतलं यंत्र लागेल. मोबाइलला इअरफोन जोडायचा साधा चांगला डोंगल यात सहसा बसतो. भजनी मंडळाचा जुना मिक्सर मात्र बसत नाही. अशा मिक्सरच्या हेडफोन जॅकचा इम्पिडन्स बरेचदा कित्येक ओहम असतो. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (दुसऱ्या जातीचे बारीक ड्रायव्हर) असलेल्या जोडाचा स्वतःचा इम्पिडन्स प्रत्येक स्वराला वेगळा, त्यामुळे अशा जॅकवर त्याचा स्वभावच बदलतो. वर संवेदनशील जोडात गाणं थांबलं की सूंऽऽ असा आवाज ऐकू येतो. दोष आयईएमचा नाही, जोडी चुकली.

दोन जोडांची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा करून घ्या. थोडासा मोठा वाजणारा जोड नेहमी जास्त स्पष्ट, जास्त भरदार वाटतो आणि विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं. एका स्वरावर आवाज जुळवू नका, कारण तो स्वर एखाद्या जोडाच्या नेमका उंचवट्यावर असू शकतो. पिंक नॉइज (सगळे स्वर एकत्र असलेला सलग खळखळाट) लावून जुळवा.

ऐकायला काय लावायचं? प्रात्यक्षिकासाठी दुकानदार लावतो ती चकाचक गाणी नकोत. जे वाद्य तुम्ही हातभर अंतरावरून ऐकलंय ते लावा. या किनाऱ्यावरच्या माणसाला पखवाज, झांज आणि पेटी यांचा आवाज वेगळा शिकवावा लागत नाही. फक्त जत्रेत मोबाइलवर घेतलेलं किंवा भोंग्यातून आलेलं रेकॉर्डिंग नको. त्यात स्वर आधीच चेपलेले असतात. नीट रेकॉर्ड केलेलं भजन घ्या.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक असते, उजव्याला शाई. 'धा'मधला डावीकडचा बोल खोल आणि गोल यावा, पण त्याची घुमण गायकाच्या आवाजावर चढू नये. चढली तर बासचा फुगवटा दीडशे-दोनशे हर्ट्झवर न थांबता आणखी वर, अडीचशे-तीनशेपर्यंत आलाय. पहिल्या दिवशी हा फुगवटा 'दमदार' वाटतो, आठवड्यात कंटाळा आणतो. उजवीकडचा 'ता' थाप मारल्याक्षणी सुटा यावा.

पेटीवर ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग तपासला जातो. मोकळ्या कानाची नळी याच भागात आपोआप आवाज वाढवते, बूच लावल्यावर ती वाढ जाते, म्हणून बनवणाऱ्याला ती परत घालावी लागते. कमी घातली तर पेटी शेजारच्या खोलीत वाजतेय असं वाटतं, जास्त घातली तर दोन सुरांचा एकत्र स्वर कानात टोचतो आणि गाणारा ओरडतोय असं होतं. माझ्या मते महागड्या जोडांचे खरे फरक इथेच कळतात, ड्रायव्हरच्या संख्येत नाही. सेनहायजरच्या आयई ९०० मध्ये ७ मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर आहे. बारा ड्रायव्हर म्हणजे बारापट आवाज नव्हे. ते जुळवायला बारा वेळा चुकायची संधी मात्र मिळते.

झांज सगळ्यांत कठीण. खरी झांज 'छन्' करून सुरू होते आणि तिची धातूची शेपटी हळूहळू विरते. वाईट जोडात ती वाळू ओतल्यासारखी 'स्स्स' करते, किंवा शेपटी मध्येच कापली जाते. पण लगेच नापास करू नका. टिप आणि कानाचा पडदा यांच्यामधल्या हवेचा स्वतःचा एक उंचवटा असतो, साधारण ८ किलोहर्ट्झच्या आसपास. टिप एक-दोन मिलिमीटर आत गेली की तो वर सरकतो आणि टोचणं थांबू शकतं. सावकाश ५ पासून १० किलोहर्ट्झपर्यंत स्वर चढवत न्या, कुठे कळ येते ते लक्षात ठेवा, मग लांब किंवा आखूड टिप लावून पुन्हा करा. इंटरनेटवरचे आलेख याच कारणाने वरच्या टोकाला तुमच्या कानाशी जुळत नाहीत. खाली, १ किलोहर्ट्झच्या आसपास, ते चांगले विश्वासार्ह असतात.

तानपुरा शेवटी, थकलेल्या कानाने. पाऊण तास मंद आवाजात लावून ठेवा. जवारीचा बारीक झंकार सतत उलगडत राहिला आणि जोड काढावासा वाटला नाही, तर तो घरी न्यावा.

"महिनाभर वाजवला की आवाज खुलेल" यावर विसंबू नका. बहुतेक वेळा आपला कानच सरावतो. परत करण्याची मुदत सात दिवसांची असेल तर ते सात दिवस तुमचे आहेत, त्यात घरी, झोपाळ्यावर, पंख्याखाली ऐका. आणि एक फेरी कोकण रेल्वेची करा, खिडकी उघड्या डब्यात. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी आत शिरली की आवाज वाढवायला हात जातो का, एवढंच बघा. गेला तर टिप नीट बसलेली नाही, किंवा जोडाला मोठं हवाछिद्र आहे आणि प्रवासासाठी तो तुमचा नव्हे. मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे; गाडीच्या खडखडाटावर मात करत ऐकणारा ती केव्हा ओलांडतो हे त्याला कळत नाही. मंचावर एक कान उघडा ठेवून गाणारेही हेच करतात, भरपाई म्हणून दुसऱ्या कानात आवाज चढवतात.

साच्यातून कानाच्या मापाचा करून घ्यावा का, असंही विचारतात. रोज तीन-चार तास मंचावर असाल तर घ्या. ऑडिओलॉजिस्ट माप घेताना तोंड उघडं ठेवायला दाताखाली ठोकळा मागून घ्या आणि माप नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे गेलंय का ते बघा. पहिल्या वेळी तो नीट बसेलच असं नाही, दुरुस्तीला परत पाठवावा लागू शकतो, आणि पुढे विकायला गेलात तर दुसऱ्याच्या कानात जात नाही.

राहिली हवा. पावसाळ्यात येणारी सर्वांत नेहमीची तक्रार: "एक बाजू हळू झाली." आधी जोडाच्या डाव्या-उजव्या बाजू उलटसुलट कानात घाला. हळूपणा त्या बाजूसोबत दुसऱ्या कानात गेला तर दोष जोडात, त्याच कानात राहिला तर कानात मळ आहे किंवा टिप चुकीची आहे. जोडात असेल तर दहातल्या बऱ्याच वेळा ड्रायव्हर मेलेला नसतो. नॉझलच्या जाळीवर पाण्याचा पापुद्रा किंवा मळ असतो. एसीच्या खोलीतला गार धातू गरम, ओलसर कानात गेला की जाळीवर दव जमतं. टिप काढा, जाळी खाली करून कोरड्या मऊ ब्रशने झाडा, रात्रभर सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जाळीत स्पिरिट ओतू नका, फुंकर मारू नका, हेअर ड्रायर तर नकोच. तांदळाच्या डब्यातही नको, नुसती धूळ आत जाते.

डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेल पुरते. नारिंगी दाण्यांचं घ्या, ते हिरवट पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आत दीड-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात नको. सोबत मिळालेली चामडी पेटी ऑक्टोबरपर्यंत माळ्यावर टाका. केबल रोज काढू-घालू नका. खाऱ्या हवेत गोल फिरणाऱ्या एमएमसीएक्सच्या जोडणीत खरखर लवकर येते, दोन पिनांची त्यातल्या त्यात बरी. टिपा आठवड्याला सौम्य साबणाने धुवा आणि पावसाळ्यात पूर्ण रात्र वाळू द्या. कानात खाज सुटली तर आठ दिवस आयईएम बंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. दमट हवेत कानात बुरशी धरते, आणि ओली टिप तिला रोज आत नेऊन सोडते.