सत्तर सेंटिमीटरची केबल

सेवानिवृत्त संगीतशिक्षिका असलेल्या एका बाईंनी आपल्या संग्रहातील शास्त्रीय गायनाच्या एलपी संगणकावर उतरवून देण्याचे काम माझ्याकडे सोपवले. पुण्यात ध्वनिउपकरणांची दुरुस्ती करता करता हे काम मी गेली बरीच वर्षे करत आहे. एरवी ध्वनिमुद्रिका दुकानात आणल्या जातात; पण बाईंचा टर्नटेबल चांगल्या प्रतीचा होता आणि संग्रह घराबाहेर जाऊ नये अशी त्यांची इच्छा होती, म्हणून मी सकाळीच कोथरूडला त्यांच्या घरी गेलो. काम सुरू करण्याआधी त्यांनी मला बसवून किशोरीताई आमोणकरांची एक एलपी लावली आणि म्हणाल्या, “तुम्ही आधी ऐका. माझ्या रेकॉर्डी झिजल्यात, असं मला दोघा-तिघांनी सांगितलंय. तसं असेल तर त्या उतरवून काय उपयोग?”

आवाज खरोखरच त्रासदायक होता. ‘स’ आणि ‘श’ कानात टोचत होते, तानपुऱ्याच्या जवारीला, म्हणजे तारांच्या गुंजनाला, एक धातूसारखी धार आली होती, आणि धुळीची बारीकशी टिचकीसुद्धा ठळकपणे पुढे येत होती. आश्चर्य म्हणजे इतका तीक्ष्णपणा असूनही वरच्या पट्टीतील मोकळेपणा मात्र जाणवत नव्हता. झिजलेल्या मुद्रिकेचे लक्षण वेगळे असते. मुद्रिकेच्या मध्याकडे जाताना प्रत्येक फेऱ्याची लांबी कमी होत जाते, तेवढ्याच नादलहरी कमी जागेत दाटतात, आणि म्हणून झीज आतल्या खाचांमध्ये अधिक ऐकू येते. येथे बाहेरच्या कडेला आणि लेबलजवळ दोष सारखाच होता. मी बाईंना एखादी नवी मुद्रिका आहे का, असे विचारले. त्यांच्या विद्यार्थ्याने भेट दिलेली, अगदी अलीकडे छापलेली आणि जवळजवळ न वाजवलेली एक मुद्रिका कपाटात होती. तिच्यावरही तोच टोचरेपणा होता, तेव्हा मुद्रिकांवरचा आरोप निराधार आहे हे मला कळून चुकले.

कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला आणि तिच्या कंपनांचा विद्युतसंकेत करणारा भाग, ऑडिओ-टेक्निकाचे व्हीएम९५ई होते आणि सुई नवी होती. वजन व कोन तपासले, ते बरोबर होते. मग माझी नजर टर्नटेबलमागून भिंतीच्या कडेने दूरच्या कपाटातील अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत गेलेल्या जाड, सुरेख वेटोळ्यांच्या केबलकडे गेली. ती ३ मीटर लांब होती, चांगली महाग होती, आणि बनावटीत तिच्यात खोट काढावी असे काहीही नव्हते. मी ती दोन्हीकडून काढली आणि दुसरे टोक मोकळे ठेवून एलसीआर मीटर लावला. आतली तार आणि जाळी यांच्यामधली धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, ३६० पिकोफॅरड भरली.

हा आकडा का महत्त्वाचा, ते थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण केबलविषयीच्या बहुतेक चर्चा तांब्याच्या शुद्धतेवर अडकतात आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजमध्ये अतिशय बारीक तारेची गुंडाळी असते आणि तिचे प्रेरकत्व (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) मोठे असते. व्हीएम९५ईचे ते ५५० मिलिहेन्री आहे. केबलची धारिता या गुंडाळीला समांतर जोडली जाते आणि दोघींचे मिळून एक अनुनादी मंडल तयार होते, जे एका ठरावीक वारंवारतेला उचलून धरते. उत्पादकाने या कार्ट्रिजसाठी ४७ किलोओहमचा भार आणि एकूण १०० ते २०० पिकोफॅरड धारिता सुचवली आहे. बाईंच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनो इनपुटवर (टर्नटेबल जोडण्याच्या जागी) १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर होता, टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांडीच्या) आतल्या तारांचे सुमारे ३०, आणि केबलचे ३६०. म्हणजे एकूण ४९०. गणित मांडले तर अनुनाद ९.७ किलोहर्ट्‌झच्या आसपास येतो. तेथे दोन-तीन डेसिबलचा उंचवटा तयार होतो आणि त्याच्या वर पातळी झपाट्याने उतरते. ‘स’कार टोचण्याचे आणि वरचा मोकळेपणा हरवण्याचे कारण एकच होते, आणि ते कागदावर उभे होते. एकूण धारिता १८०पर्यंत आणली असती तर हाच अनुनाद १६ किलोहर्ट्‌झवर गेला असता.

तेव्हा उपाय दुसरी महागडी केबल आणण्यात नव्हता. लांबी कमी करायची आणि दर मीटरला धारिता कमी असलेली तार घ्यायची, एवढेच करायचे होते. बाईंनी अ‍ॅम्प्लिफायरचे कपाट न हलवता टर्नटेबलच त्याच्याशेजारच्या दगडी कट्ट्यावर हलवण्यास लगेच होकार दिला. नव्या जागी ७० सेंटिमीटर पुरेसे होते. बाजारात तयार मिळणाऱ्या केबल बहुधा १ किंवा दीड मीटरच्या असतात आणि त्यांच्या वेष्टनावर धारिता क्वचितच छापलेली असते. मी बाईंना म्हणालो, “बाई, दुपारी इथेच करून देतो,” आणि तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, गेलो.

तिथे एक काळजी घ्यावी लागते. डिश टीव्हीसाठी सर्रास मिळणाऱ्या आरजी-६ केबलची धारिता कमी असली, तरी तिची जाळी बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमची असते आणि अ‍ॅल्युमिनियमवर साधे सोल्डर धरत नाही. मी दुकानदाराकडून टोक सोलून घेतले, पात्याने जाळी खरवडून आतपर्यंत तांबेच असल्याची खात्री केली, आणि तांब्याच्या दाट जाळीची, भरीव पॉलिथिनची आरजी-५९ घेतली. ७५ ओहमच्या या जातीच्या केबलची धारिता दर मीटरला सुमारे ६७ पिकोफॅरड असते. ५० ओहमच्या आरजी-५८ची १००च्या घरात जाते. धातूच्या टोपणाच्या चार आरसीए पिना, तापवल्यावर आकसणारी हीटश्रिंक नळी आणि अर्थिंगसाठी हिरवी तार असा सगळा खर्च पाचशे रुपयांच्या आत झाला.

बाईंच्या जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरून मी काम मांडले. बाहेरचे वेष्टन कापताना पाते जाळीला लागू द्यायचे नाही, कारण तुटलेला एक केस जरी आतल्या तारेला टेकला तरी तो चॅनल मुका होतो. जाळी न कापता ती टाचणीने विंचरून मोकळी करायची, एका बाजूला घेऊन पीळ द्यायचा आणि त्यावर सोल्डरचा पातळ थर चढवायचा. पिनेचे टोपण आणि हीटश्रिंक आधीच तारेत ओवून ठेवायचे. सर्वांत नाजूक भाग मधल्या तारेचा असतो, कारण भोवतीचे पॉलिथिन उष्णतेने लगेच मऊ होते आणि तार एका बाजूला सरकून जाळीकडे जाते. म्हणून सोल्डरिंगची इस्त्री ३५० अंशांवर पूर्ण तापवून, पिनेच्या कपात आधी सोल्डर भरून, ते वितळताच तार आत घालून दोन सेकंदांत इस्त्री बाजूला घ्यायची आणि सोल्डर गोठेपर्यंत हात हलू द्यायचा नाही. चांगला जोड चकचकीत दिसतो आणि तारेच्या अंगाला चिकटून उतरतो. राखाडी, गोळ्यासारखा दिसला तर तो पुन्हा करावा. शेवटी डाव्या आणि उजव्या चॅनलच्या तारा मी एकमेकींना बांधू लागलो. बाई शेजारी उभ्या राहून हे सगळे बारकाईने पाहत होत्या आणि त्यांनी एक मार्मिक प्रश्न विचारला: “दोन्ही तारा वेगळ्या का नाही सोडत?” डाव्या-उजव्या तारांच्या जाळ्या दोन्ही टोकांना एकाच अर्थला मिळतात आणि त्यांच्यामध्ये एक बंद वळसा तयार होतो, त्यातून ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र गेले की ५० हर्ट्‌झची घूं उमटते. शिवाय फोनो इनपुटचे आरआयएए मंडल, म्हणजे मुद्रिका कापताना दाबलेला खर्ज पुन्हा उचलणारे मंडल, ५० हर्ट्‌झला १ किलोहर्ट्‌झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सातपट उचलते आणि कार्ट्रिजचा मूळ संकेत अवघा काही मिलिव्होल्टचा असतो. म्हणून दोन्ही तारा मी शेवटपर्यंत एकत्र बांधल्या आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरच्या उलट बाजूने नेल्या.

नव्या केबलची प्रत्येक बाजू पिनांसकट ५० पिकोफॅरड भरली. एकूण १८०.

तीच एलपी पुन्हा लावली. मी संगणकावर दोन्ही वेळचे चाचणीचे ध्वनिमुद्रण एकाखाली एक ठेवून वर्णपट पाहत होतो: ९ किलोहर्ट्‌झच्या आसपासचा फुगवटा बसला होता आणि १२च्या वर पूर्वी जी घसरण होती ती भरून आली होती. बाईंनी पडद्याकडे पाहिलेही नाही. त्या डोळे मिटून ऐकत होत्या आणि मुखडा संपल्यावर म्हणाल्या, “आता जवारी तानपुऱ्याची वाटतेय.” मग त्यांनी एकामागून एक मुद्रिका काढायला सुरुवात केली, आणि कुमार गंधर्वांची एक एलपी, जी त्यांनी बिघडलेली समजून वेगळी ठेवली होती, ती पूर्ण बाजू ऐकली. मला सर्वांत अधिक समाधान याचे वाटले की रूपांतर अजून सुरू झाले नव्हते. एकदा २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झची फाइल तयार होऊन विद्यार्थ्यांच्या हाती गेली की त्यातला उंचवटा हा गायिकेच्या आवाजाचाच भाग समजला जातो, आणि मूळ मुद्रिका पुन्हा कोण वाजवून पाहतो?

जुन्या केबलचे काय करायचे, असे बाईंनी विचारले, तेव्हा मी ती त्यांच्या सीडी प्लेअरला जोडून दिली. सीडी प्लेअरचा आउटपुट रोध १ किलोओहमच्या आसपास धरला तरी ३६० पिकोफॅरडचा परिणाम ४०० किलोहर्ट्‌झच्याही वर सुरू होतो, म्हणजे ऐकण्याच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे; तिथे ती केबल उत्तम काम करते. नव्या केबलच्या दोन्ही टोकांना मी लांबी, धारिता आणि तारीख लिहिलेली पट्टी चिकटवली, म्हणजे पुढे कोणी कार्ट्रिज बदलले तर त्याला मीटर लावल्याशिवाय हिशेब करता येईल, आणि त्याच संध्याकाळी पहिली मुद्रिका उतरवायला घेतली.