एका दिवसानं हुकलेलं पिवळं कार्ड

नैरोबीत विमानाची दारं बंद झाली आणि केबिन क्रूमधला एक मुलगा दोन्ही हातांत डबे धरून, वर धरून फवारत फवारत पार शेपटापर्यंत गेला. आत्यानं ओढणी नाकाला लावली. "हिट मारतायत की काय गं?" जवळपास तेच. यलो फीवरच्या, म्हणजे पीतज्वराच्या, देशातून निघालेल्या विमानात एखादा डास फुकट प्रवास करू नये, म्हणून ही फवारणी.

ही ऑगस्ट २०१६ची गोष्ट. अंगोलात पीतज्वराची मोठी साथ होती, शेजारच्या काँगोतही ती पोचली होती. अंगोलाहून परतलेले दोन रुग्ण मार्चमध्ये केनियातही सापडले होते. आम्ही मात्र मसाई माराच्या नदीकाठी बसून विल्डबीस्टचे कळप उड्या कधी मारतात याची वाट बघत होतो. ते एकदाचे दिसले. त्याबद्दल पुन्हा कधीतरी, कारण या सहलीतला माझ्या लक्षात राहिलेला प्रसंग मुंबईत घडला.

११ तारखेला पहाटे उतरलो. इमिग्रेशनच्या आधीच आरोग्य खात्याची टेबलं होती. पासपोर्ट आणि पिवळं कार्ड, म्हणजे पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला, शेजारी शेजारी ठेवायचं, ते नंबर जुळवतात, लसीची तारीख बघतात, पुढे. आमच्या पुढे एक गुजराती आजोबा होते, नैरोबीतलेच दुकानदार. त्यांचं कार्ड २००३चं, घड्यांवर चिकटपट्टी लावलेलं. पूर्वी ते दहा वर्षांत बाद झालं असतं. पण ११ जुलै २०१६पासून एकदा घेतलेली लस जन्मभर चालते असा आंतरराष्ट्रीय नियम झाला होता, म्हणजे बरोब्बर महिन्यापूर्वी. आजोबा सुटले.

मग आतोबा. त्यांचं कार्ड कोरं करकरीत.

माझी आणि आत्याची लस जुलैतच झाली होती. आतोबांचं वय ६६, वर बीपी. साठीच्या पुढच्यांना ही लस जपून देतात, म्हणून केंद्रावर डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. लसीची कुपी एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे ठरलेल्या वारीच आणि नाव नोंदवूनच लस मिळते. चिठ्ठी आणून पुन्हा नंबर लागेपर्यंत २ ऑगस्ट उजाडला. ४ला तर आमचं विमान.

टेबलावरच्या साहेबांनी तारीख वाचली आणि अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत मोजायला लागले. आतोबाही मोजायला लागले. "दोन, तीन, चार... अकरा. दहा दिवस झाले की, साहेब!"

"दोन तारीख धरायची नाही, काका. लस घेतल्यावर दहा दिवस. हे बघा, इथेच लिहिलंय."

खरंच लिहिलं होतं. कार्डावर पुढच्या रकान्यात कधीपासून ग्राह्य ते निळ्या पेनानं स्पष्ट: १२ ऑगस्ट. आमच्यापैकी कुणी तो रकाना वाचलाच नव्हता. आठ दिवस ते कार्ड आत्याच्या पर्समध्ये औषधांच्या डबीखाली होतं.

लस नसेल, तर त्या देशातून निघाल्यापासून सहा दिवस किंवा कार्ड ग्राह्य होईपर्यंत, जे आधी होईल तोवर विलगीकरण. आतोबांच्या वाट्याला एक रात्र आली. आत्याचा आवाज चढला. "अहो, यांना साधी सर्दीसुद्धा नाही!" मलाही तेव्हा हा शुद्ध कागदी हट्ट वाटला होता.

साहेब शांत होते. रोजचंच असणार. म्हणाले, "मावशी, काका बरेच असतील. पण डेंग्यूचा डास आहे ना आपल्याकडे, तोच हाही आजार पसरवतो. आजार अजून आपल्याकडे आलेला नाही. डास मात्र तयारच आहे."

हे माझ्या डोक्यात बसलं. चावल्यावर तीन ते सहा दिवस माणूस ठणठणीत दिसतो, म्हणूनच ते सहा दिवस. त्याच वर्षी अंगोलाहून परतलेल्या कामगारांमुळे चीनमध्ये ११ रुग्ण सापडले होते. आशियात पीतज्वर शिरल्याची ती पहिलीच नोंद. लसही पुरत नव्हती. त्याच ऑगस्टमध्ये काँगोच्या राजधानीत, किन्शासात, एका डोसाचे पाच भाग करून लोकांना टोचत होते. आणि आम्ही पूर्ण डोस घेऊन तारखेवरून भांडत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबांना घ्यायला गेलो. दाढी केलेली, चेहरा ताजातवाना. खोलीच्या खिडक्यांना बारीक जाळ्या, दाराला दुहेरी जाळी, जेवण वेळेवर. "सहलीत झोपलो नाही इतका झोपलो," म्हणाले. आत्याला ते फारसं आवडलं नाही.

ठाण्याला पोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. आठ दिवस बंद असलेल्या घराच्या गॅलरीत कुंड्यांखालच्या बशा काठोकाठ भरल्या होत्या. आतोबा चहाचा कप घेऊन तिथे बसले आणि दोन मिनिटांत त्यांनी फाटकन दंडावर चापट मारली.

"तिथे एक डास नव्हता गं," ते आत्याला म्हणाले. "इथे बघ." तळहातावर पांढऱ्या पट्ट्यांचे काळे पाय चिकटले होते.