सातशे ग्रॅम पाणी

जानेवारीतल्या त्या दुपारी काका माझ्या नऱ्ह्याच्या शेडमध्ये शिरले ते त्यांच्या व्हॅनच्या खिडक्यांसाठी मी शिवलेल्या कव्हरांचं गाठोडं छातीशी धरूनच. सकाळी महाबळेश्वरहून निघाले, खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडला आणि घरी कोथरूडला न जाता थेट माझ्याकडे आले. गाठोडं कटिंगच्या टेबलावर टाकलं आणि म्हणाले, "हात लावून बघा ताई. साडेअठरा हजार मोजलेत मी."

हात लावला. आतलं कापड खालच्या कडेला चिंब होतं. पायपिंग पिळलं असतं तर पाणी गळलं असतं. काकू मागून आल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. एरवी त्या आल्या आल्या बोलायला लागतात.

चौदा वर्षं मी गाड्यांचं शिवणकाम करते. सीट कव्हरं, टेम्पोच्या ताडपत्र्या, आणि गेली तीन-चार वर्षं कॅम्पर व्हॅनच्या, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय केलेल्या गाड्यांच्या, खिडक्यांची कव्हरं. लोकांना हे पडद्याचंच काम वाटतं. पडदा लोंबतो. हे कव्हर चौकटीत चारी बाजूंनी बसावं लागतं, आणि काच आणि कव्हर यांच्यामध्ये बोटभर हवा कोंडून राहावी लागते. थंडी अडवण्याचं निम्मं काम ती हवाच करते. ते गणित कडेला पाव इंचाची फट राहिली तरी फिसकटतं.

काकांची फोर्स ट्रॅव्हलर. समोरची मोठी काच, पुढच्या दोन दारांच्या, बाजूंच्या पाच, मागच्या दाराच्या दोन आणि टपावरचा झरोका, मिळून अकरा कव्हरं. काचेकडे चकचकीत फॉइल, मध्ये दहा मिलिमीटरचा ईपीई फोम, पॅकिंगला वापरतात तो, आणि थोडं पॉलिफिल, म्हणजे उशीत भरतात तो नकली कापूस, आत काळं ड्रिलचं जाड कापड. फॉइलसमोर मोकळी हवा असेल तरच तिचा उपयोग होतो, ऊन ती परत फेकते. दोन कापडांत दाबून शिवली की ती नुसता धातू, आणि धातू उष्णता वाहूनच नेतो. बाजारात मिळणारी कव्हरं चौकटी-चौकटींत गादीसारखी शिवलेली असतात. दिसायला देखणी. पण जिथे टीप बसते तिथे फोम दबून कागदाएवढा होतो आणि प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, तिथूनच गारवा आत येतो. म्हणून मी मधून टीप मारतच नाही. फक्त कडेनं, अठरा नंबरच्या सुईनं, आणि आतले थर सरकू नयेत म्हणून चार कोपऱ्यांत हाताचे टाके. त्याला वेळ दुप्पट लागतो, पण माझं कव्हर घडी घालून सहा महिने ठेवलं तरी मधून फुगत नाही.

फर्मा, म्हणजे मापाचा नमुना, मी खाकी कागदाचा घेते, गाडीत बसून, प्रत्येक काचेचा वेगळा. डावी-उजवी काच सारखी असते हे कंपनीच्या कागदावर. आत प्लाय बसला की दोन बाजूंत चार-सहा मिलिमीटरचा फरक निघतोच. सुताराचं काम संपल्याशिवाय फर्मा घ्यायचा नाही हा माझा नियम, आणि काकांच्या घाईपोटी मी तो मोडला होता. सुतार म्हणाला, "आता फक्त पट्ट्या राहिल्यात." त्या पट्ट्या बारा मिलिमीटरच्या निघाल्या. बाजूची पाचही कव्हरं मी उसवली, आणि माया जास्त ठेवली होती म्हणून कापड तरी वाचलं. शिवाय कव्हरं पत्र्याला धरतात ती चुंबकांनी, आणि त्यानं पत्र्यावर सगळीकडे प्लाय मारून टाकला होता, मग चुंबक चिकटणार कशाला? बोहरी आळीतून लोखंडी पट्टी आणून प्लायवर स्क्रूनं बसवली तेव्हा कव्हरं धरली. आपल्यानंतर गाडीत आणखी कुणी काम करणार आहे हे लक्षात ठेवणारे सुतार मला या चौदा वर्षांत दोनच भेटले.

टपावरचा झरोका हे माझं सगळ्यात चांगलं काम झालं होतं. काकांनी मुद्दाम सांगितलेलं, "वरून गारवा उतरतो. तिथून काडीचीही हवा येता कामा नये." दोन इंच जाड फोमचा ठोकळा कापला, कापडात मढवला, कडेनं रबरी पट्टी. पहिल्याच वेळी असा बसला की काढायला बोट शिरेना, म्हणून ओढायला निवारीचा पट्टा शिवला. कारागीराला बोलावून दाखवला मी तो.

आणि आता ही ओली कव्हरं.

काकांचं म्हणणं, फॉइलला शिवताना भोकं पडली आणि बाहेरचं दव आत झिरपलं. गाडी वेण्णा तलावाच्या बाजूला उभी होती, तिथे थंडीत दव गोठतं हे खरं. पण काच बंद असताना बाहेरचं दव आत येत नाही. मी कव्हर लावलं, पाइप घेतला आणि बाहेरून दहा मिनिटं पाणी मारलं. आत कोरडं ठणठणीत. काका गप्प झाले, पण पटलेलं नव्हतं.

मग मी नेहमीचं सांगायला लागले. झोपलेली दोन माणसं श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. कव्हर जितकं चांगलं, तितकी काच जास्त गार, कारण आतली ऊब तिच्यापर्यंत पोचतच नाही. ती दमट हवा कुठूनतरी मागे शिरली की काचेवर पाणी धरतं आणि ओघळून कव्हराच्या खालच्या कडेत बसतं. हे सगळ्यांकडे होतं. सकाळी पुसायचं, कव्हरं उन्हात टाकायची.

बोलता बोलता हात कव्हर चाचपत होता, आणि मला ते जड लागलं. नेहमीच्या ओल्या कव्हरापेक्षा जड.

माझ्या वहीत प्रत्येक कव्हराचं वजन लिहिलेलं असतं. किती चुंबक लावायचे ते वजनावर ठरतं, नाहीतर रात्री कव्हर अंगावर पडतं. पॉलिफिल मोजायचा काटा टेबलाखालीच असतो. एकेक कव्हर ठेवत गेले. कोरडी अकरा मिळून ६ किलो ४०० ग्रॅम होती. ओली ७ किलो १०० भरली. सातशे ग्रॅम पाणी नुसतं कापडात. काकूंना विचारलं, "काचा पुसल्या होत्या का तुम्ही?" म्हणाल्या, "पुसल्या ना. नॅपकिन पिळून अर्धा तांब्या पाणी निघालं."

दोन माणसांच्या श्वासात एवढं पाणी बसत नव्हतं. आणि श्वासातलं सगळंच काही काचेवर येत नाही, अंथरुणात जातं, लाकडात जातं.

मुलाच्या अकरावीच्या रसायनशास्त्रात एक गणित होतं, ते त्यानं मला एकदा याच कामासाठी सोडवून दिलं होतं. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो म्हणून वजन वाढतं. ते गणित मला तिथे उभ्या उभ्या आठवलं.

"काका, रात्री गॅस चालू होता?"

"स्वयंपाक केला थोडा. खिचडी."

"खिचडीनंतर?"

ते काट्याकडे बघत राहिले. काकू म्हणाल्या, "सांगा ना आता. अगं, रात्री दहाला यांनी बारीक करून ठेवला होता, ऊब राहावी म्हणून. अडीचला मला जाग आली ती डोकं ठणकत होतं म्हणून. मळमळत होतं. मी बंद केला आणि बाहेर जायला दार उघडलं. यांना हाक मारली तर पटकन उठेनात. म्हटलं, गाढ झोप लागली असेल."

सिलिंडर गाडीतच होता, पाच किलोचा, निघायच्या आदल्या दिवशी भरलेला. रिकाम्या टाकीचं वजन वर कोरलेलं असतं. काट्यावर ठेवला. साडेचारशे ग्रॅम गॅस कमी होता.

माझ्या नणंदेला गॅस गिझरच्या बाथरूममध्ये चक्कर आली होती. खिडकीला थंडीसाठी पुठ्ठा लावलेला. दाराची कडी तोडून बाहेर काढलं तिला. डॉक्टरांनी तेव्हा समजावलेलं मी विसरलेले नाही. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतं. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग झोप लागल्यासारखं होतं. आपल्याकडे दर थंडीत गिझरच्या बातम्या येतात, उत्तरेतून बंद खोलीतल्या शेगडीच्या येतात, आणि आपण पान उलटतो.

हे सगळं मी काकांना सांगितलं. माझा आवाज चढला होता, वयाचा मान राहिला नाही, त्याचं वाईट वाटतं. ते म्हणाले, "पण सगळेच गाडीत स्वयंपाक करतात. व्हिडिओत बघतो आपण." स्वयंपाक वीस मिनिटांचा, दार उघडं ठेवून, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही. गॅसवर गाडी तापवायचीच नाही. डिझेलवर चालणारा हीटर मिळतो, त्याला जळायला लागणारी हवा बाहेरून येते आणि धूर नळीनं बाहेरच जातो, गाडीतल्या हवेशी त्याचा संबंध नसतो. तो महाग पडतो म्हणून लोक टाळतात, आणि चाळीस हजारांचा सनमायका बसवतात. शिकलेली माणसं असं का करतात हे मला कळत नाही.

दोघांना आधी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पाठवलं. ते बारा तासांपूर्वीच मोकळ्या हवेत आलेले असल्यानं डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं.

गाडी माझ्याकडे आठवडाभर राहिली. झरोक्याचं कव्हर नव्यानं केलं. मधोमध हातभर लांबीच्या दोन खाचा, त्यावर मच्छरजाळी, आणि वारं थेट अंगावर येऊ नये म्हणून आतून तिरकी झडप. झडपेला वेल्क्रो मुद्दाम लावलं नाही, म्हणजे ती बंद करताच येऊ नये. हवा वरून बाहेर जायची तर खालून आत यायला हवी, म्हणून पुढच्या दाराच्या कव्हरात खाली जाळीचा तुकडा घातला, काच दोन बोटं खाली ठेवायला सांगितली. सगळ्यात अवघड गेलं ते हेच. जे हात चौदा वर्षं फट बुजवायला शिकलेत, त्यांनी शिवलेल्या कव्हरात कात्री घालायची. पहिली खाच कापताना मी दोनदा थांबले. काकांनी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागवला, तो पलंगाच्या उशाशी मीच स्क्रूनं बसवला आणि बटण दाबून वाजवून दाखवला. नव्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत.

पण डोक्यातून जात नाही ते वेगळंच आहे. काकांनी "काडीचीही हवा नको" म्हटलं तेव्हा मी फोमची जाडी विचारली, रंग विचारला, पट्टा कुठल्या बाजूला हवा ते विचारलं. गाडी गरम कशानं करणार, हे विचारलं नाही. नणंदेचा पुठ्ठा मी स्वतः ओढून काढला होता, आणि दोन इंची ठोकळा शिवताना तो मला एकदाही आठवला नाही. कारागीर म्हणतो, "ताई, तुम्ही फक्त शिवलं, गॅस त्यांनी लावला." त्याचं खरं असेल. काकूंना अडीचला जाग आली नसती तर हे वाक्य मी कुणाला ऐकवलं असतं?

जुना ठोकळा मी काकांना परत दिलेला नाही. त्याचे साडेसातशे रुपये पाकिटात घालून काकूंच्या हातात दिले. तो शेडमध्ये मशीनच्या वर खिळ्याला टांगलाय, निवारीच्या पट्ट्यानं.

दोघं सप्टेंबरात लेहला जाऊन आले. साडेतीन हजार मीटरवर हवा आधीच विरळ, म्हणून मी रोज रात्री फोन बघायचे. काकूंनी तिथून फोटो पाठवला होता. जाळी, तिच्यामागे आभाळाचा तुकडा, आणि खाली लिहिलेलं, "दोन रजया घेतल्यात. वरचं उघडं आहे गं."

आता ऑर्डरच्या वहीत मापांच्या वर एक ओळ असते, गाडी गरम कशानं करणार. गेल्या आठवड्यात वाकडचा एक मुलगा आला होता, सात खिडक्या आणि झरोका. त्या ओळीपुढे त्यानं लिहिलं, "छोटी शेगडी." मी त्याला अर्धा तास बसवून सगळं सांगितलं, ठोकळा काढून हातात दिला. तो हसला, म्हणाला, "ताई, मी काळजी घेईन, तुम्ही फक्त टाइट बनवा." त्याचं कापड आणून ठेवलंय. अजून कापायला घेतलेलं नाही.