आमची वाटचाल : जुनं सागवानी फर्निचर, घरी येऊन पॉलिश

वाड्यांतून फ्लॅटमध्ये आलेली सागवानी कपाटं, शिसवी खुर्च्या, देव्हारे ग्राहकाच्या घरीच घासून पॉलिश करून देणं हे आमचं काम. सुरुवात काचपेपर, चपडा लाख (पातळ पापड्यांच्या रूपातली लाख) आणि स्पिरिट एवढ्यावर झाली. तेव्हा सगळ्याला एकच रीत होती : 80 नंबरचा खरखरीत पेपर घ्यायचा (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) आणि कोरं लाकूड दिसेपर्यंत घासायचं. ती रीत आम्ही सोडली. जुन्या सागाचा मुरलेला तपकिरी रंग अगदी वरच्या थरात असतो, तो घासून गेला की कुठल्याही स्टेनने (लाकडाला रंग चढवणाऱ्या द्रावणाने) परत येत नाही.

आता आधी तपासणी. मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवायचा. पॉलिश चिकट झालं तर ती लाख. स्पिरिटने काही झालं नाही, पण थिनरने मऊ पडलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) ही कडक पॉलिशं किंवा जुनं वार्निश. लाख निघाली तर निम्मं काम वाचतं : स्पिरिटमध्ये भिजवलेल्या जाड सुती फडक्याने ती पुसून निघते आणि पुढे 180 आणि 220 नंबरचे पेपर पुरतात.

ऑइलपेंटवर मात्र कोरडा पेपर कधीच नाही. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरात किती शिसं आहे ते डोळ्यांना कळत नाही, आणि घरात मुलं असतात. खिडक्या उघडून रिमूव्हर लावतो, खरवडतो, ओला चोथा पिशवीत बंद करतो.

पाच इंची ऑर्बिटल सँडर (गोल फिरत घासणारं मशीन) आला, वेग वाढला आणि नव्या चुकाही आल्या. स्टेन चढवला की टेबलावर गोल गोल ओरखडे उमटायचे. कारण 80 वरून थेट 180 वर उडी : 80 ची खोल चर 180 ने जात नाही, ती नुसती झाकल्यासारखी वाटते आणि स्टेन तिच्यातच साचतो. म्हणून 80, 120, 180 हा क्रम मोडायचा नाही, मशीनवर हाताचा दाब द्यायचा नाही आणि शेवटचा 220 ठोकळ्यावर गुंडाळून, रेषांच्या दिशेने, हातानेच. विनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं. कडेला मशीन क्षणभर जास्त टेकलं की खालचं प्लाय उघडं पडतं, त्यावर इलाज नाही. विनियरला आम्ही मशीन लावत नाही.

खिळ्यांभोवतीचे काळे डाग घासून जात नाहीत. लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन मिळून ती शाई होते आणि खोल मुरते. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, हातमोजे घालून ब्रशने लावायचं, वाळल्यावर दोनदा स्वच्छ पाण्याने धुवायचं. न धुता घासलं तर ती पूड नाकाघशाला झोंबते.

लाखेचं प्रमाण एक लिटर स्पिरिटला 200 ग्रॅम चपडा. काचेच्या बरणीत रात्रभर भिजवून मलमलीतून गाळतो (लोखंडी डब्यात लाख काळवंडते) आणि बरणीवर तारीख घालतो, कारण सहा महिन्यांपेक्षा जुनं द्रावण नीट वाळेनासं होतं. पॉलिशचे हात (थर) पातळ आणि अनेक. जाड हात मारला की वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि बोळा चिकटून ओरखडतो.

जेवणाच्या टेबलाला लाख सुचवत नाही, गरम पातेल्याने पांढरं कडं उठतं. तिथे पीयू. सागातलं तेल पीयूला धरू देत नाही, म्हणून थिनरने पुसून लगेच पहिला हात.

पावसाळ्यात लाखेची कामं घेत नाही. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि पॉलिश दुधाळ होतं. ग्राहकाला घाई असली तरी जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही फक्त सुतारकाम, डागांचं काम आणि घासणं उरकतो. पॉलिश दसऱ्याच्या सुमारास, हवा कोरडी झाल्यावर.