बिल्टीवर अडकलेले जर्दाळू

सोलापुरात बसून हैदराबादहून घाऊक जर्दाळू मागवणे अवघड नाही. अवघड आहे ते आपल्याच गावात येऊन पडलेला माल ट्रान्सपोर्टच्या गोदामातून सोडवून घेणे. माझा व्यवसाय केटररना गोड पदार्थ तयार करून देण्याचा आहे. शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक कुटुंबांच्या लग्नांत खुबानी मीठ्याला, म्हणजे सुक्या जर्दाळूंच्या हैदराबादी गोड पदार्थाला, मोठी मागणी असते, आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास ती इतकी वाढते की किराणा दुकानातून पाच-दहा किलो उचलून भागत नाही.

मला दोन प्रकारचा माल हवा होता. खुबानी मीठ्यासाठी बियांचे, लहान, कडक आणि दिसायला अनाकर्षक जर्दाळू लागतात, जे रात्रभर भिजवल्यावर फुगतात आणि ज्यांच्या बिया फोडून आतला गर बदामासारखा वर पेरता येतो. केक व बर्फीसाठी बिनबियांचे, मऊ, नारिंगी जर्दाळू लागतात. नारिंगी माल प्रामुख्याने तुर्कस्तानातील मलात्या भागातला असतो. तिथे एप्रिल २०२५ मध्ये पडलेल्या कडाक्याच्या थंडीने पीक मोठ्या प्रमाणावर गेले, आणि त्याच महिन्यात पाकिस्तानला लागून असलेली अटारीची सीमा बंद झाल्याने अफगाणी सुक्यामेव्याची वाटही अडली. त्यामुळे भाव ऐकून धक्का बसला, तरी त्यात व्यापाऱ्याचा दोष नव्हता. नमुना पाहणे, भाव ठरणे आणि पैसे भरणे ही कामे सरळ पार पडली. पूर्ण रक्कम मी माल निघण्यापूर्वीच बँकेतून पाठवली होती, हे मुद्दाम नमूद करतो.

एवढे करूनही व्यापाऱ्याच्या कारकुनाने बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीवर, माल घेणाऱ्याच्या रकान्यात माझ्या फर्मचे नाव न घालता ‘सेल्फ’ असे लिहिले. अशी बिल्टी म्हणजे माल पाठवणाऱ्याच्याच नावावर राहतो आणि ज्याच्या हातात मूळ प्रत असेल त्यालाच तो मिळतो. ही पद्धत पैसे बाकी असताना योग्यच आहे, कारण पैसे आल्यावर प्रत पाठवायची आणि तोवर माल सुरक्षित ठेवायचा, हा तिचा हेतू आहे. माझ्याकडे एक रुपयाही बाकी नसताना ती का वापरली, याचे उत्तर “आमच्याकडे नव्या पार्टीला असेच करतात” एवढेच मिळाले. मूळ प्रत कुरिअरने निघाली आणि वाटेत कुठेतरी हरवली. माल मात्र ठरल्या दिवशी हैदराबाद रस्त्यावरच्या गोदामात येऊन पडला.

गोदामातील कारकून उद्धट नव्हता, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडताही येत नव्हते. “मालक, ओरिजिनल आणा, माल घेऊन जा,” हे एकच वाक्य तो प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे म्हणत असे. मी मोबाइलवर बिल्टीचा फोटो दाखवला, बिल दाखवले, बँकेची पावती दाखवली, ई-वे बिलावर, म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटी व्यवस्थेत ऑनलाइन काढायच्या कागदावर, घेणारा म्हणून माझाच जीएसटी क्रमांक आहे हेही दाखवले. त्याने सगळे नीट पाहिले, मान डोलावली आणि पुन्हा तेच वाक्य उच्चारले. व्यवस्थापक सकाळी आलेले नसत आणि दुपारी जेवायला गेलेले असत. हैदराबादच्या शाखेला फोन केला की ती सोलापूरकडे बोट दाखवी, आणि सोलापूरची शाखा हैदराबादकडे.

या सगळ्यात मला सर्वाधिक त्रास दिला तो गोदामाच्या पत्र्याने. वैशाखातील सोलापूरचा पारा चाळिशीपलीकडे असतो. पत्र्याखाली काय होत असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. टॉवेलच्या गाठींमागे, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून माझ्या पेट्यांची थप्पी लावलेली होती आणि दुपारनंतर त्या भिंतीला हात लावून ठेवता येत नव्हता. नारिंगी जर्दाळूचा रंग गंधकाच्या धुरीमुळे टिकलेला असतो. उष्णतेत धुरीतून फळात उतरलेला सल्फर डायऑक्साइड कमी होत जातो आणि फळ काळपट पडते. आपल्याकडील बेदाण्याचे व्यापारी हे चांगले जाणतात, म्हणूनच ते माल शीतगृहात ठेवतात. टॉवेलच्या गाठी आठ दिवस तिथे राहिल्या तरी काही बिघडत नाही, परंतु हा फरक गोदामाच्या कोणत्याही नियमात लिहिलेला नव्हता.

अखेरीस मार्ग निघाला तो कागदानेच. मूळ प्रत हरवल्यास माल पाठवणाऱ्याने आपल्या लेटरहेडवर “हा माल अमुक फर्मला द्यावा” असे सही-शिक्क्याचे पत्र ट्रान्सपोर्टच्या बुकिंग शाखेला द्यायचे, त्या शाखेने ते माल पोहोचलेल्या शाखेला कळवायचे, आणि माल घेणाऱ्याने पुढे कोणी मूळ प्रत घेऊन आल्यास होणाऱ्या नुकसानीची हमी देणारे बंधपत्र नोटरीसमोर करून द्यायचे, अशी त्यांची रीत होती. ती पहिल्याच दिवशी सांगितली असती तर सगळा खोळंबा टळला असता. ज्यांच्या डोक्यात अजून शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर आहे त्यांनी लक्षात घ्यावे की महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा कामांना ५०० रुपयांचा लागतो. सोबत जीएसटी नोंदणीची प्रत आणि फर्मचा शिक्का न्यावा.

ई-वे बिलाची मुदत या काळात संपणार होती, ते मात्र मी वेळीच पाहिले. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते, म्हणजे हैदराबाद ते सोलापूरसाठी दोन दिवस मिळतात, आणि ती वाढवायची तर संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांतच वाढवता येते. ती मी ट्रान्सपोर्टवाल्याच्या मागे लागून वाढवून घेतली, याचे मला आजही समाधान आहे. परराज्यातून येणारा माल ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर हे बिल अनिवार्य आहे.

माल सुटल्यावर हमाली आणि भाड्याबरोबर डॅमरेजही, म्हणजे माल गोदामात जास्त दिवस पडून राहिल्याचा आकारही, लावण्यात आला. मी वाद घातला, थोडी रक्कम कमी झाली, उरलेली भरून पक्की पावती घेतली. पेट्या कारखान्यावर आणून उघडल्या तेव्हा बियांचा माल उत्तम निघाला. नारिंगी मालाच्या भिंतीकडील पेट्यांत मात्र कडेचे थर विटकरी झाले होते आणि अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागण्याऐवजी चिकट लागत होते. ते बर्फीत खपवावे लागले, केकवर मांडता आले नाहीत.

आता आठवते म्हणून सांगतो: नमुना पेटीच्या वरच्या थरातून कधीही घेऊ नये, मधून व तळातून घ्यावा. नारिंगी मालाला आकाराचे क्रमांक असतात. क्रमांक ४ म्हणजे किलोत साधारण १४१ ते १६० नग, तेव्हा एक किलो मोजून पाहिल्यास बोलणे खरे की खोटे ते लगेच कळते. बियांच्या मालात दर किलोचा भाव फसवा असतो, म्हणून थोडा माल भिजवून, बिया काढल्यावर फळाचा गर किती निघतो त्यावर भाव काढावा, आणि बियांतला गर कडू असेल तर तो पदार्थात अजिबात घालू नये, कारण कडू गरातून सायनाइड तयार होते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार धुरीच्या मालात ओलावा २५ टक्क्यांपर्यंत आणि सल्फर डायऑक्साइड किलोला २००० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. त्याहून ओला माल म्हणजे पाण्याचे पैसे. किलोला १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट (याच धुरीचा अंश) असल्यास ते लेबलवर लिहावे लागते, आणि दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो, म्हणून केटररलाही ते कळवावे. बिलावर १४ अंकी अन्न परवाना क्रमांक आणि ०८१३ हा एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक, असावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ ऐवजी ५ टक्के आहे, तो तपासूनच पैसे पाठवावेत.

पुढच्या ऑर्डरमध्ये मी “बिल्टी आमच्या फर्मच्या नावानेच करावी” ही अट भावाच्या आधी लिहिली आणि व्यापाऱ्याने ती निमूटपणे मान्य केली. डॅमरेजची रक्कम त्याच्या बिलातून वळती करावी, अशी माझी मागणी आहे. त्यातील निम्मी त्याने कबूल केली असून उरलेल्या निम्मीबद्दल आमचे बोलणे अजून चालू आहे.