पऱ्हाटीच्या फांदीवरचा कागदी पळस

कपाशीची उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी आटोपली, की आमच्या भागात वावरातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, उपटून धुऱ्यावर रचल्या जातात आणि पुढे वर्षभर चुलीत जातात. त्यातल्या चार-पाच ऐसपैस फांद्या मी दरवर्षी बाजूला काढून ठेवते, कारण फाल्गुनातल्या पानगळ झालेल्या पळसाची काळपट, वाकडीतिकडी फांदी जशी दिसते, तशीच वाळलेली पऱ्हाटी दिसते.

वसंताची सजावट म्हटली की कागदाचे गुलाब करण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. यवतमाळकडच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी पळस पेटलेला असताना घरात गुलाब कशासाठी लावायचे? फुललेली डहाळी तोडून आणावी, तर फुले दुसऱ्याच दिवशी मलूल होतात, आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापर्यंत झाडावरचा बहरही ओसरलेला असतो. त्यामुळे आराशीसाठी कागदाचाच पळस करावा लागतो.

कातर हातात घेण्याआधी झाडाखाली पडलेले एक ताजे फूल आणून ते हलक्या हाताने उकलून पाहावे. खाली मखमली, काळसर तपकिरी पेला असतो. त्यातून एक रुंद पाकळी मागे वळलेली असते, दोन बाजूंना दोन अरुंद पाकळ्या असतात आणि उरलेल्या दोन जुळून राघूच्या चोचीसारखा बाक तयार होतो. संस्कृतात पळसाला किंशुक, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’, असे म्हणतात. ते नाव किती अचूक आहे, हे फूल उकलल्यावरच कळते.

गर्द केशरी क्रेप कागदाच्या सुरकुत्या उभ्या राहतील अशा बेताने सुमारे 5 सेंमी लांबीच्या पाकळ्या कापाव्यात. सुरकुत्या आडव्या आल्या तर कागद रुंदीत ताणला जात नाही आणि पाकळीला खोलगटपणा येत नाही. चोचीच्या दोन पाकळ्या कडेने चिकटवून, दोन्ही अंगठ्यांनी मधोमध हलकेच ताणून त्यांना बाक द्यावा. खऱ्या पाकळीवर बाहेरून बारीक रुपेरी लव असते. तिच्यासाठी खडूची पूड बोटाने जेमतेम फिरवली तरी पुरते. पेल्यासाठी काळा घोटीव कागद घेऊ नये, तो चकाकतो. तपकिरी क्रेप कागदच बरा.

चिकटवायला मी मैद्याची खळ वापरते, पण ती घट्ट शिजवलेली हवी. पातळ खळीने क्रेप कागदाचा रंग सुटतो. एका वर्षी ओसरीत लावलेली फांदी मार्चमधल्या अवकाळी पावसात भिजली आणि नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीवर केशरी ओघळ उतरले. ते डाग पुढच्या रंगरंगोटीपर्यंत तसेच राहिले. तेव्हापासून फांदी मी माजघरातच ठेवते.

पहिल्या वर्षी मी फांदीवर एकेक फूल अंतराअंतराने बांधले होते आणि काय चुकते आहे, ते मला उमगत नव्हते. सासूबाईंनी एकदा पाहिले आणि म्हणाल्या, “पळस असा एकटा-एकटा फुलतो का बाई? त्याचे झुबके असतात.” त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. आता मी पऱ्हाटीवरची बोंडांची वाळलेली टरफले काढून टाकते आणि त्यांच्या जागी उरलेल्या गाठींवर दोऱ्याने फुलांचे झुबके बांधते. टोकाकडे मात्र न उमललेल्या कळ्या, काळसर पेल्यातून केशरी टोक डोकावेल एवढ्याच ठेवते. पाने लावत नाही. पळसाला पाने तीनच, हे खरे असले तरी भर बहरात ती तीनही नसतात.

एका मध्यम फांदीला चाळीसेक फुले लागतात आणि दुपारच्या फावल्या वेळात केली तर चार-पाच दिवस जातात. यंदाची फांदी पितळी तांब्यात वाळू भरून गौरीच्या मागे उभी करणार आहे. तिच्यावरची वरची दोन टोके अजून कळ्यांवाचून रिकामी आहेत.