सुरगाठ आणि तीन सुट्ट्या

गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५, संध्याकाळ

यंदा पंधरा ऑगस्ट शुक्रवारी, शनिवारी दहीहंडी आणि मग रविवार. लागून तीन सुट्ट्या आल्या की निम्मी सोसायटी आज रात्रीच गावाला निघते, आणि ज्याला दोरीतलं कळतं तो माणूस हमखास त्या निम्म्यात असतो. म्हणून झेंड्याची तयारी आजच, उजेड आहे तोवर उरकलेली बरी.

आधी कप्पी. वर्षातून दोनदा फिरणारी कप्पी पावसाळ्यात गंजते. दोरी एक पूर्ण फेरा ओढून पाहायची. मध्येच जड लागली तर ती खोबणीतून उतरून चाकाच्या कडेला अडकली आहे. आज शिडी लावून ती सोडवता येते, उद्या सगळे रांगेत उभे असताना नाही. दोरीची लांबी काठीच्या दुप्पट आणि वर दीडेक मीटर. ६ मीटरच्या काठीला साडेतेरा मीटर धरावी. दोन्ही टोकं खाली खुंटीला बांधल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. सुटलेलं टोक सरसर कप्पीपर्यंत जातं आणि वॉचमनकाकांना वर चढावं लागतं.

ध्वजाचं माप ३:२. लहान इमारतीला ९०० बाय ६०० मिलिमीटर पुरतो, ६ मीटरच्या काठीवर १३५० बाय ९०० शोभून दिसतो. काठीकडच्या जाड पांढऱ्या पट्टीतून दोरी गेलेली असते. तिच्या वरच्या टोकाला लाकडी गुंडी, खालच्या टोकाला नुसती दोरी. गुंडी म्हणजे केशरी बाजू. घडी घातल्यावर रंग दिसत नाहीत, तेव्हा ही गुंडीच सांगते वर काय जाणार ते. झेंडा उलटा चढतो तो अज्ञानामुळे क्वचितच, गुंडीकडे न पाहिल्यामुळे बहुतेकदा.

आता गाठ. घोळ होतो तो इथे. ध्वजाची लांबट घडी घालून ती मोकळ्या टोकाकडून पट्टीकडे चुण्या पाडत आणायची, मध्ये पाकळ्या ठेवायच्या आणि खालच्या दोरीने पुडक्याभोवती दोन फेरे द्यायचे. मग त्याच दोरीचा दुमडलेला फासा फेऱ्यांखाली सरकवायचा. ही सुरगाठ: खाली लोंबणारं टोक ओढलं की फासा बाहेर येतो आणि पुडकं उघडतं. घाईत टोकच आरपार ओवलं की तिची निरगाठ होते. मग पाहुणे जितकं ओढतील तितकी ती आवळत जाते. सुती दोरी रात्रभर भिजली तर फुगते, त्यामुळे सुरगाठही घट्ट बसते. नायलॉनला पाण्याचं काही वाटत नाही, पण ती निसरडी. एकच फेरा दिला तर अर्ध्या वाटेतच सुटते.

सरावाला ध्वज वापरू नये. जुना पंचा तीनदा बांधून, वर चढवून, सोडून पाहावा. तिन्ही वेळा सुटला तर ज्याने बांधला त्यालाच उद्या सकाळी बांधू द्यावा. गाठीत हातबदल नको.

पाकळ्यांना परवानगी आहे. ध्वजात कुठलीही वस्तू गुंडाळू नये असं ध्वजसंहिता सांगते, पण राष्ट्रीय दिनी फुलांच्या पाकळ्या ठेवायला तिची हरकत नाही. फक्त त्या सुट्या आणि कोरड्या असाव्यात, आणि एक मूठ पुरे. फुलवाला झेंडूवर पाणी शिंपडून देतो. तो ओला झेंडू रात्रभर घडीत राहिला तर पांढऱ्या पट्ट्यावर पिवळा डाग पडतो. अख्खं फूल घातलं तर ते थेट प्रमुख पाहुण्यांच्या डोक्यावर येतं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

राज्यात मुख्य शासकीय ध्वजारोहण ९ वाजून ५ मिनिटांनी. ८.३५ ते ९.३५ या वेळात इतर शासकीय-निमशासकीय कार्यक्रम ठेवू नयेत, असं परिपत्रकात असतं. सोसायट्याही म्हणूनच साडेसात-आठची वेळ धरतात, आणि ती सोयीचीही असते. साडेसात सांगितलं की पावणेआठला माणसं जमतात.

लाल किल्ल्यावर आज ध्वज खालून दोरीने वर चढवतात. २६ जानेवारीला कर्तव्य पथावर तो आधीच वर बांधलेला असतो, तिथे तो नुसता उलगडतात. बहुतेक सोसायट्या आणि शाळा दोन्ही दिवशी पुडकंच बांधतात. पाकळ्यांची हौस नसेल तर आज उघडा ध्वज सरळ वर न्यावा. तो भरभर चढवायचा आणि उतरवताना सावकाश, हा नियम. गाठीची धाकधूकच उरत नाही. पण पाकळ्या पडल्या नाहीत तर मुलं नाराज होतात, हेही खरं.

राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. बिघडतं ते पहिल्याच सुरात. सुरुवात करणारा उत्साहाने वरची पट्टी धरतो आणि शेवटच्या ‘जय हे’पर्यंत निम्म्यांचा आवाज फाटतो. बोलण्याच्या पट्टीपेक्षा किंचित खाली सुरू केलं तर सगळे शेवटपर्यंत पोचतात. ध्वज पूर्ण उघडल्यावर एकाने मान हलवावी, मगच सूर लावावा. स्पीकरवर रेकॉर्ड लावायची असेल तर मोबाइल आधी विमान मोडवर टाकावा. गीताच्या मध्यात कुणाच्या तरी मावशीचा फोन वाजतो.

पावसात उभं राहिलं की शाळेतले पांढरे कॅनव्हासचे बूट आठवतात. आदल्या रात्री धुऊन चुलीजवळ वाळवलेले, न सुकलेले डाग ओल्या खडूने झाकलेले. खडू ओला असताना दिसत नाही, वाळला की पांढरा पडतो. प्रभातफेरीत पहिली सर आली की तोच खडू दुधासारखा ओघळून मोज्यात उतरायचा. मोजे आठवडाभर कडक. त्या बदल्यात लिमलेटच्या दोन गोळ्या आणि बिस्किटाचा छोटा पुडा. आणि तो व्यवहार तेव्हा कुणालाही तोट्याचा वाटत नव्हता.

आता त्या जागी जिलबी. माणशी १०० ग्रॅम धरली तर किलोत दहाजण होतात. ऑगस्टच्या दमट हवेत जिलबी मऊ पडण्याचं मोठं कारण हलवाई नव्हे, खोका. गरम जिलबीवर झाकण लावलं की आतली वाफ तिच्यावरच बसते. झाकण उघडं ठेवून आणावी, कार्यक्रमाच्या अर्धा तास आधीच आणावी आणि पंख्याखाली ठेवू नये. साखर हवेतला ओलावा ओढते. जोडीला मठ्ठा: आंबट ताक, आलं-मिरचीचं वाटण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोथिंबीर, मीठ. मीठ वाढायच्या वेळी घालावं. मठ्ठा पातळच हवा, दाट झाला तर जिलबीबरोबर घशाखाली उतरत नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

दहीहंडीची धांदल. हंडी बांधणाऱ्यांचं दोरीकाम पाहण्यासारखं असतं. रस्ताभर ताणलेला दोर, दोन्हीकडे आडवा खेचणारे हात, आणि हंडी वरखाली होते ती हुकमी. पुढच्या वर्षी झेंड्याची गाठ त्यांच्याकडून घालून घ्यावी, हे गमतीत लिहिलेलं नाही.

आजचं दुसरं काम खाली वाकून करायचं. काल हातांत मिरवलेले कागदी झेंडे आज गटाराच्या जाळीवर, रिक्षाच्या चाकाखाली, चिखलात असतात. कागदी झेंडा हलवायला नागरिकांना मुभा आहे. वापरल्यावर तो जमिनीवर टाकायला नाही. समारंभ संपता-संपता फाटकाशी एक खोका ठेवून ‘झेंडे इथे’ असं लिहिलं तर निम्मं काम वाचतं. खोका मात्र मुलांच्या कमरेइतका उंच ठेवावा. जमिनीवर ठेवलेल्या खोक्याला कचरापेटी समजून कुणीतरी त्यात जिलबीची बशी टाकतंच. प्लास्टिकचे झेंडे विकतच घेऊ नयेत. संहितेत ते बसत नाहीत आणि चिखलातही ते वर्षभर तसेच राहतात.

रविवार, १७ ऑगस्ट

२०२२ च्या जुलैपासून ध्वज रात्रीही फडकत ठेवता येतो; त्याआधी सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच मुभा होती. सवलत चांगली, तिचा अर्थ मात्र सोयीने लावला जातो. ‘उतरवला नाही तरी चालतं’ म्हणत गच्चीवरचा झेंडा दिवाळीपर्यंत राहतो आणि त्याच्या मोकळ्या कडेच्या झिरमिळ्या होतात. २०२१ च्या शेवटी पॉलिएस्टर आणि यंत्रावर केलेल्या ध्वजांनाही मान्यता मिळाली. पॉलिएस्टर लवकर वाळतं, पण गच्चीवरच्या वाऱ्यात सतत फडफडून त्याची कड आधी उसवते. कड उसवायला लागली की ध्वज त्याच दिवशी खाली घ्यावा.

ओला ध्वज घडी करू नये. सावलीत, घरातल्या दोरीवर, जमिनीला न टेकता वाळवायचा. ओल्या घडीत हिरवा आणि केशरी रंग पांढऱ्यावर उतरतो, खादीला बुरशीचे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. घडीला दोन माणसं लागतात. ध्वज आडवा ताणून धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडायचा, मग दोन्ही टोकं मध्याकडे अशी आणायची की वर अशोकचक्र आणि थोडा केशरी, थोडा हिरवा एवढंच दिसेल. उचलून न्यायचा तो तळहातांवर, काखेत नाही.

फाटलेला ध्वज तुकडे करून पुसायला वापरू नये, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. तो अख्खाच, खाजगीत, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राहील अशा दुसऱ्या रीतीने नष्ट करायचा. खादी नीट जळते. पॉलिएस्टर वितळून ठिबकतं आणि काळा धूर करतं. त्यापेक्षा तो घडी करून स्वच्छ मातीत पुरलेला बरा.

चांगला ध्वज सुती पिशवीत. डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच असतील तर कागदाच्या पुडीत, कापडाला न लागता. दोरी वेगळी गुंडाळून त्याच पिशवीच्या बाहेर बांधायची. काठीवर तिच्या जागी साधी सुतळी ओवून ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी दोरी सुतळीला जोडून ओढली की झालं, शिडी लागत नाही. कप्पीत दोन थेंब तेल.

कॅलेंडरवर २६ जानेवारी पाहिली. सोमवार. म्हणजे पुन्हा तीन सुट्ट्या, आणि पुन्हा निम्मी सोसायटी गावाला. सुरगाठ येणारी दोन माणसं तरी तयार करायला हवीत.